ठेवा, काढा, बघू

२ फेब्रुवारी

परत तेच! मी तोंड उघडणार, एवढ्यात अण्णा म्हणाले, "ठेवा."

तोच शब्द माझ्या जिभेवर होता. अगदी तोच. ग्लास नाकाशी नेला तर लिंबाच्या सालीचा वास, मागोमाग ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीचा, आणि घोट घेतल्यावर दोन्ही गाल आतून ओढून धरणारा आंबटपणा. हे सगळं सांगायला मी श्वास घेतला, तोवर निकाल लागलेला! दादाने री ओढली, "ठेवाच." वहिनी म्हणाल्या, "मलाही बरी वाटली." माझी पाळी आली तेव्हा सगळे खुर्च्या मागे सरकवत होते. मी कोणाला सांगू? बादलीला?

आमच्या वायनरीतली ही पद्धत आजोबांपासूनची. सकाळी चहाच्या आधी, तोंड कोरं असताना, चाखणीच्या खोलीत बसायचं. बाटल्यांना कागदी पिशव्या घातलेल्या, म्हणजे कुठली कुठली ते कळू नये. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, बादलीत थुंकायचा, आणि सगळ्यात मोठं माणूस बोलेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. मग वयाप्रमाणे. वडील, भाऊ, वहिनी, शेवटी मी. चाळिशी उलटली तरी मी शेवटीच. जागाही ठरलेल्या. अण्णांची पाठ खिडकीकडे, मी बरोब्बर त्यांच्यासमोर, तोंडावर सगळा उजेड घेऊन डोळे मिचकावत.

बाकीच्या वायनऱ्यांत सगळे आपापलं मत आधी लिहून काढतात. ते मी एकदा सुचवलं होतं. दादा म्हणाला, "परीक्षा आहे का?" विषय संपला.

आणि अण्णांचे शब्द तरी किती? तीन. ठेवा, काढा, बघू. रीस्लिंगसारखं बोलकं द्राक्ष आणि त्याच्यावर तीन शब्द! पाहुण्यांना ते फार भारदस्त वाटतं. "काय नाक आहे हो तुमच्या वडिलांचं." आहेच. गेल्या कित्येक वर्षांत एकदाही असं झालं नाही की मला एक वाटलं आणि त्यांनी दुसरं म्हटलं. राग त्याचाच येतो. ते चुकत असते तर भांडता तरी आलं असतं. माझ्याच तोंडातला घास रोज काढून घेतात आणि वर शाबासकी त्यांना.

३ फेब्रुवारी

किनाऱ्यावरच्या एका मोठ्या वायनरीच्या मॅनेजरचा फोन आला. मुख्य चाखणीचं काम आहे, याल का? तिथे माझ्या हाताखाली माणसं असतील आणि पहिला शब्द माझा असेल. वीस तारखेपर्यंत उत्तर हवं.

लगेच "हो" म्हणणार होते. मग खिडकीतून आमच्या वेलींचा वरचा उतार दिसला, आणि जीभ अडली. मूर्ख मी.

दुपारी अण्णांपाशी विषय काढला. आडूनच. म्हटलं, "अण्णा, तुमच्यानंतर टेबलावर पहिलं कोण बोलणार?"

"कशाला घाई आहे?"

"घाई नाही. विचारतेय."

पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तुझं नाक अजून कच्चं आहे."

कच्चं! मला शहरातल्या प्रयोगशाळेतली चांगली चाललेली नोकरी सोडायला लावून यांनीच बोलावून घेतलं. त्या हिवाळ्यात अण्णांना जबर ताप येऊन गेला होता, अंथरुणातून उठवत नव्हतं. "मदतीला ये" म्हणाले. मला वाटलं, ग्लास धुवायला माणूस हवंय. तेव्हापासून मी या टेबलावर बसतेय आणि माझं नाक अजून कच्चंच. पिकणार कधी? मेल्यावर?

मॅनेजरच्या फोनचं काही बोलले नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. बोलले असते तर भलतंच बोलले असते.

५ फेब्रुवारी

उजवीकडची खालची दाढ ठणकतेय. एवढंच बाकी होतं.

६ फेब्रुवारी

दादाशी वाद. विषय जुनाच, पानांचा.

रीस्लिंग हे थंड मुलखातलं द्राक्ष. आमचा मुलूख असा की दुपारी टाकीच्या नळाला हात लावला तर चटका बसतो. आजोबांनी वरच्या उतारावर वेली लावल्या तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पण आजोबांनी पानं राखली. पानांच्या सावलीत घड वाढवायचे आणि साखर फार चढायच्या आत, उन्हं यायच्या आधी तोडायचे. मग आंबटपणा शाबूत राहतो. तो राहिला तरच ड्राय वाईनला अर्थ. साखर सगळी आंबून गेली आणि आंबटपणाही नाही, तर बाटलीत उरतं काय? बेचव पाणी.

दादाने कुठल्याशा परदेशी पुस्तकात वाचलं की घडांपुढची पानं काढावीत, ऊन लागू द्यावं, वाईन खुलते. खुलत असेल! ते पुस्तक लिहिणारा स्वेटर घालून द्राक्षं तोडत असेल. गेल्या हंगामात दादाने पूर्वेकडच्या अर्ध्या उतारावरची पानं भादरून टाकली. उरलेल्या अर्ध्याला मी हात लावू दिला नाही. उभी राहिले आडवी.

आता दोन्हींच्या बाटल्या तयार आहेत. उघड्या घडांच्या वाईनला वर्षाच्या आत रॉकेलचा वास मारतोय. जुन्या मुरलेल्या रीस्लिंगला तो थोडा येतो आणि शोभतोही. पण कोवळी वाईन रॉकेल मारायला लागली तर समजावं की घड भाजलेत. दादा म्हणतो, "मला तर काही येत नाही." तुला कधी येणार? तू सिगारेट विझवून आत येतोस!

चौदा तारखेला खरेदीवाल्या बाई येणार आहेत. त्या परदेशातल्या दुकानांसाठी गरम मुलखातल्या ड्राय रीस्लिंग शोधत फिरतात. आमच्याकडून एकच लॉट घेणार. सावलीतला किंवा उघडा. अण्णा टेबलावर म्हणतील तो.

मनाशी ठरवून टाकलं. सावलीतला माझा लॉट गेला तर मी राहीन. पहिला शब्द नाही तर नाही, निदान बाटलीत तरी मी असेन. नाही गेला तर किनारा. इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मलाच पळवाट नको.

७ फेब्रुवारी

आज काहीतरी विचित्र झालं.

तिसरा ग्लास. वाईन बर्फासारखी गार, कडक आंबट, सुरेख. पण घोट दाढेवरून गेला आणि अशी कळ गेली मस्तकात की डोळ्यांत पाणी आलं. थुंकले कसंबसं. तरी मनात म्हटलं, ही ठेवायची.

अण्णा म्हणाले, "काढा."

मी बघतच राहिले. काढा? ही? दादा लगेच, "हो, जरा जास्तच आहे." वहिनी मान डोलावून मोकळ्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मला ही आजची सगळ्यात चांगली वाटली." दादा हसला. "अण्णांनी काढा म्हटलंय."

"ऐकलं मी."

अण्णा माझ्याकडे जरा वेळ टक लावून बघत बसले. मला वाटलं, उलट बोलले म्हणून डोळे वटारतायत. पिशवी काढली तर गेल्या वर्षी स्थानिक दुकानांनी दोनदा मागवलेला लॉट!

पहिल्यांदा अण्णा चुकले. इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होते की काय? आनंद काही झाला नाही.

८ फेब्रुवारी

वहिनी म्हणाल्या, "गाल सुजलाय वन्सं, दातांच्या डॉक्टरकडे जा." मला चिडवायचं असलं की वन्सं म्हणतात.

म्हटलं, चौदा तारखेनंतर. सुई टोचली की तोंड बधिर, वर औषधांनी जिभेची चव जाते. असल्या तोंडाने मी बाईंसमोर बसू?

"बसलात काय, नाही काय," वहिनी म्हणाल्या, "बोलायचं तर अण्णांनीच आहे."

लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

९ फेब्रुवारी

दूध करपलं. पातेलं कोळसा! मी वायनरीच्या प्रयोगशाळेत होते, तिथपर्यंत वास आला. धावत स्वयंपाकघरात गेले तर अण्णा शेगडीपासून हातभर अंतरावर बसून शब्दकोडं सोडवतायत. खोलीभर करपट वास.

"अण्णा, दूध!"

"अरे हो," म्हणाले आणि पेन्सिल कानावर ठेवली.

गॅस बंद करायला उठले नाहीत. घरातल्या कामाकडे बघायचंच नाही असा यांचा बाणा. सगळ्या गावाचं नाक म्हणून मिरवायचं आणि घरातलं दूध आम्ही सांभाळायचं. पातेलं घासायला अर्थातच मी. वर जेवताना वहिनींना, "भाजीला काही चव नाही गं." वहिनींनी तिखटाचा डबाच पुढ्यात ठेवला. शहाण्या आहेत, मी ओतला असता.

११ फेब्रुवारी

विक्रीच्या खोलीत एक जोडपं आलं होतं. नवऱ्याने विचारलं, ही गोड का नाही? मी समजावलं, ड्राय म्हणजे साखर शिल्लक ठेवलेली नाही. तो म्हणाला, "मग थोडी घालून द्या ना." हात टेकले.

सकाळच्या चाखणीत पुन्हा तोच प्रकार. आंबट, जिवंत वाईन आली की दाढ पेटते, आणि अण्णा म्हणतात "काढा". मऊ, मिळमिळीत वाईन आली की माझ्या दाढेला जरा सुटका मिळते, आणि अण्णा म्हणतात "ठेवा". ज्या माणसाने आयुष्यभर आंबटपणा सांभाळायला शिकवलं तो आता मिळमिळीत बाटल्या निवडतोय. म्हातारपण म्हणावं तर शब्दकोडी पेनाने सोडवतात. सॉरी, पेन्सिलीने. पण खोडत नाहीत.

दादाला बाजूला घेऊन म्हटलं, "अण्णांचं काहीतरी बिनसलंय."

"तुझं बिनसलंय," तो म्हणाला. "तुला त्यांच्या जागी बसायचंय ना."

बसायचंय. पण असं नाही.

१२ फेब्रुवारी

डाव्या बाजूने जेवतेय. डाव्या बाजूने पितेय. चाखताना मात्र वाईन सगळ्या तोंडात फिरवावी लागते, तिला डावं-उजवं करता येत नाही. मी कशी चाखतेय ते माझं मला ठाऊक.

१३ फेब्रुवारी

उद्या बाई येणार. दोन्ही लॉटच्या बाटल्या काढून थंड करायला ठेवल्या. पिशव्या वहिनी घालणार, म्हणजे मला किंवा दादाला कळणार नाही. ग्लास गरम पाण्याने धुतले, साबणाशिवाय, आणि नवीन कापडाने पुसले. प्रत्येक ग्लास उजेडात धरून बघितला.

अण्णा दारात येऊन उभे राहिले. "झोप नीट घे आज," म्हणाले. "तुझा चेहरा उतरलाय."

माझ्या चेहऱ्याची काळजी! नाकाची नाही.

१४ फेब्रुवारी

बाई आल्या. साध्या, कमी बोलणाऱ्या, ग्लास देठाला धरणाऱ्या. मला आवडल्या. अण्णांना नमस्कार करून म्हणाल्या, "तुमच्या नाकाबद्दल फार ऐकलंय." आम्ही आपापल्या जागी बसलो. त्या टेबलाच्या टोकाला. दादाने आमची पद्धत समजावून सांगितली, त्या म्हणाल्या, "छान, मीही शेवटीच बोलेन."

पहिला ग्लास. नाक नेलं आणि रॉकेल! उघडा लॉट, शंकाच नाही. इतकं बरं वाटलं मला! म्हटलं, आता हा बाद होणार, मग दुसरा माझा, आणि वीस तारखेला मी मॅनेजरला नकार देणार. हसू आवरेना. ग्लासाआड लपवलं, पण फुटलंच.

अण्णा म्हणाले, "ठेवा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. दादाने टेबलाखाली मांडीवर थाप मारली. वहिनी म्हणाल्या, "चांगली आहे." मी काय बोलले ते आठवत नाही.

दुसरा ग्लास. माझा. लिंबाची साल, कच्चं सफरचंद, ती पाटी. सगळं तिथे होतं, जसं हवं तसं. आणि घोट दाढेवर गेला. आज कळ नव्हती, सुरी होती. मी तोंडावर रुमाल धरला.

"काढा," अण्णा म्हणाले.

बाईंनी दुसरा ग्लास पुन्हा उचलला. पुन्हा वास घेतला. एकदा माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलतील असं वाटलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं... पण आपण म्हणता तर." आणि उघडा लॉट घेतला. रॉकेल घेऊन गेल्या! परदेशातल्या दुकानांत आमच्या नावाने भाजलेले घड विकले जाणार.

त्या गेल्यावर अण्णांना गाठलं. दार लोटून घेतलं.

"तो माझा होता, अण्णा. दुसरा."

ते मटकन बसले. खरंच मटकन. "तुझा?"

"सावलीतला. तुम्हाला ओळखू आला नाही? तुम्हाला?"

मग काय विचारावं यांनी? "तुला आवडला नव्हता ना तो?"

"मला कोणी विचारलं? इतक्या वर्षांत एकदा तरी कोणी मला आधी विचारलं?"

"पण आज तुझं..." एवढंच म्हणून थांबले. हाताने हवेत काहीतरी पुसल्यासारखं केलं. "आज तुझं काही ठीक नव्हतं."

म्हणजे दोष माझाच! वाईन त्यांनी बाद केली आणि ठीक मी नव्हते. दार आपटून बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर दार आपटलं. वाईट वाटलं नाही. आत्ता, लिहिताना, वाटतंय.

१५ फेब्रुवारी

सांगून टाकलं. नाश्त्याच्या वेळी, सगळ्यांसमोर. किनाऱ्यावरचं काम घेतेय. वीस तारखेला हो म्हणणार, महिनाअखेर निघणार.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला अपेक्षित नव्हतं. दादा म्हणाला, "हंगाम तोंडावर आलाय आणि तू जातेस?" मग आवाज खाली आणून, "ठीक आहे, चाखायला आम्ही आहोत."

अण्णांनी अख्खा चहा संपवला. कप बशीत ठेवला. "तिथे टेबलावर कोण कोण बसतं?" त्यांनी विचारलं.

हा काय प्रश्न? मुलगी घर सोडून चालली आणि यांना खुर्च्यांची चौकशी. म्हटलं, "माहीत नाही. मी असेन, आणि मी आधी बोलेन."

"हं," म्हणाले. "बरोबर आहे."

बरोबर आहे! अडवायचं नाही, रागवायचं नाही. एवढं सोपं असेल तर मी इतकी वर्षं इथे काय करत होते?

१६ फेब्रुवारी

आज चाखणी झाली नाही. मी तयार होते. अण्णांनी निरोप पाठवला, आज नको. मी आल्यापासून ताप असो, पाऊस असो, चाखणी चुकलेली नाही. दादा म्हणाला, "तुझ्यामुळे." असेल.

१७ फेब्रुवारी

दाढ काढली.

दातांच्या डॉक्टरबाई बडबड्या. तोंडात आरसा घालून प्रश्न विचारतात. मी हातवारे करून कुठली दाढ ते सांगायला लागले तर म्हणाल्या, "राहू द्या हो, बोलूच नका. तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. कुठे हात लावल्यावर किती दुखतंय ते मला नुसतं बघून कळतंय. फार कमी लोकांचा चेहरा असा असतो."

सुईने गाल बधिर झाला. मी छताकडे बघत पडले होते. आणि त्यांचं ते वाक्य डोक्यातून जाईना.

माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

घरी चालत आले. रस्ताभर एकच गोष्ट उलटीसुलटी करत होते. दाढ दुखायला लागली आणि अण्णा चुकायला लागले. आंबट वाईनने मी तोंड वाकडं केलं, ते म्हणाले काढा. मिळमिळीत वाईनने मला सुटल्यासारखं झालं, ते म्हणाले ठेवा. चौदा तारखेला रॉकेल ओळखून मला हसू फुटलं... ठेवा. माझ्या स्वतःच्या लॉटवर मी रुमाल तोंडाशी धरला... काढा.

ते दूध. हातभर अंतरावर बसून. ते बाणा दाखवत नव्हते, त्यांना वास आलाच नव्हता. भाजीला चव नाही. आणि सगळ्या वाईनसाठी तीनच शब्द, कारण लिंबाची साल म्हणायला लिंबाची साल यायला हवी ना!

आणि तो हिवाळा. तापात नाक गेलं असेल, म्हणून ताप उतरल्यावर लगेच मला बोलावलं. खिडकीसमोर, उजेडात बसवलं.

असं कसं असेल? इतकी वर्षं? मी समजत होते की ते माझ्या तोंडातला घास काढून घेतात. ते बघत होते माझ्याकडे? त्या सगळ्या "ठेवा"... मग त्या सगळ्या कोणाच्या?

आणि मग माझं नाक कच्चं का म्हणाले? मी पिकले असं सांगितलं असतं तर मी निघून गेले असते, म्हणून? राग इतका आलाय की बधिर गालातही जाणवतोय. आणि रागाच्या खाली दुसरंही काहीतरी आहे, त्याच्याकडे आत्ता बघवत नाही.

माझी चूक होत असेल. सुजलेल्या तोंडाने माणूस काहीही विचार करतं. पण बघायला हवं. कोणाला न सांगता. वहिनींना नाही, दादाला तर मुळीच नाही.

१८ फेब्रुवारी

जखम भरतेय. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून दोन दिवस चाखू नका.

अण्णांनी आज माझ्यासाठी पेज करून आणली. स्वतः. तळाला करपलेली होती. मी सगळी खाल्ली.

२० फेब्रुवारी

मॅनेजरला अजून फोन केलेला नाही. संध्याकाळपर्यंत वेळ आहे.

सकाळी दादा-वहिनींना म्हटलं, आज आम्ही दोघंच बसतो. अण्णा आले, आपल्या जागी बसले. मी त्यांच्यासमोर. तीन पिशव्या. तिन्हींत एकाच टाकीतली वाईन, मीच भरलेली.

पहिल्या घोटाला मी हसले. अण्णा म्हणाले, "ठेवा."

दुसऱ्याला कपाळाला आठ्या घातल्या. "काढा."

तिसरा ग्लास घेतला आणि खुर्ची भिंतीकडे वळवून, त्यांच्याकडे पाठ करून बसले. घोट घेतला, थुंकले, आणि वाट बघितली. अण्णांनी घोट घेतलेला ऐकू आला. मग काहीच नाही. एकदा ग्लास टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

मग अगदी हळू म्हणाले, "अगं, जरा इकडे बघ ना."